पेशी मोजणाऱ्यांच्या वर्गात जाऊ का?

पत्र:

ताई, माझं शाळेचं शेवटचं वर्ष संपत आलंय. जीवशास्त्र मनापासून आवडतं, पण व्याख्या आणि आकृत्या पाठ करायचा आता वीट आलाय. गणितात बरी आहे, पण पहिल्या पाचांत वगैरे नाही. एका माहितीपत्रकात ‘क्वांटिटेटिव्ह बायॉलॉजी’ हा पदवीचा मुख्य विषय म्हणून दिसला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. बाबा म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ बाई म्हणतात, आधी साधं जीवशास्त्र कर, गणित काय नंतरही शिकता येतं. मैत्रीण म्हणते, ही आकडेमोड आता एआयच करणार आहे. मला विचारायचंय ते असं: गणित किती पक्कं लागतं? पुढे काम काय मिळतं? आणि असा कोर्स खरा की नुसता नावापुरता, हे बाहेरून कसं ओळखायचं? ता. क. प्रोग्रामिंग कोणत्या भाषेपासून सुरू करू?
– दोन डगरींवर

उत्तर:

प्रिय ‘दोन डगरींवर’,

नमनाला घडाभर तेल नको. आधी एक हिशेब कर, आणि तो करताना तुला काय वाटतं याकडे लक्ष ठेव.

स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धर. गुणाकार ४,९०० मिलिलिटर, म्हणजे जवळपास पाच लिटर. माणसाच्या अंगात रक्त असतं तेच मुळी पाच लिटरच्या आसपास. तासाचा हिशेब केलास तर २९४ लिटर भरतात. एवढं रक्त येतं कुठून आणि जातं कुठे?

शेकडो वर्षं वैद्य मानत होते की यकृत अन्नापासून रक्त बनवतं आणि अवयव ते वापरून संपवतात. ऐकायला काही वावगं वाटत नाही. १६२८ मध्ये विल्यम हार्वीने साधारण असाच गुणाकार मांडला. त्याने आकडे मुद्दाम कमी धरले, तरीही अर्ध्या तासात हृदयातून जाणारं रक्त अंगातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त भरलं. म्हणजे तेच रक्त फिरून फिरून परत येत असलं पाहिजे. धमन्यांतून शिरांत ते जातं कुठून, हे हार्वीला दिसलं नव्हतं. त्या केशवाहिन्या मार्चेल्लो मालपिगीने सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या त्या १६६१ मध्ये. तेहेतीस वर्षं आधी एका गुणाकाराने सांगून ठेवलं होतं की तिथे वाट असलीच पाहिजे.

हे वाचताना अंगावर बारीकसा काटा आला असेल, तर पुढचं नीट वाच. ‘बरं, मग?’ असं वाटलं असेल तर त्यातही कमीपणा काही नाही. जीवशास्त्रात शिरायला दारं पुष्कळ आहेत. पण मग हे दार नुसतं माहितीपत्रकात सुंदर दिसलं म्हणून उघडू नकोस.

मराठीत कुणी याला संख्यात्मक जीवशास्त्र म्हणतात, कुणी परिमाणात्मक. दोन्ही शब्द तोंडात नीट बसत नाहीत, म्हणून मीही तुझ्यासारखंच क्वांटिटेटिव्ह बायॉलॉजी म्हणते. नाव नवं नाही. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत याच नावाची परिषद १९३३ पासून भरते आहे. नवीन आहे तो पदवीच्या पहिल्या वर्षापासून हे एकत्र शिकवायचा आग्रह. मानवी जनुकसंचाची तीन अब्ज अक्षरं वाचायचा प्रकल्प १९९० ला सुरू झाला आणि २००३ ला संपला. आज एका माणसाचा जनुकसंच काही दिवसांत वाचून होतो. आकड्यांचा असा पूर आला आणि तो वाचू शकणारे जीवशास्त्रज्ञ मात्र हाताच्या बोटांवर, अशी पंचाईत झाली. त्यातून हे कोर्स निघाले. बायोइन्फर्मॅटिक्स हा त्याचाच एक शेजारी, पण त्याचा भर जनुकांच्या आणि प्रथिनांच्या साठवलेल्या माहितीवर. इथे मोजण्यापासून सुरुवात होते. जिवंत गोष्ट मोजायची, तिचं गणित मांडायचं, त्या गणिताने काहीतरी भाकीत करायचं आणि पुन्हा मोजून ते खोटं ठरतं का बघायचं.

आता गणित किती पक्कं लागतं ते. पहिल्या पाचांत नसलीस तरी चालेल, पण गणितासमोर बसून राहायची तयारी हवी. १९०८ मध्ये जी. एच. हार्डी या इंग्रज गणितज्ञाला त्याच्या जीवशास्त्रज्ञ मित्राने, पनेटने, एक अडचण सांगितली. प्रभावी गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या पसरत जाऊन सगळी प्रजाच व्यापून का टाकत नाही, असा आक्षेप मेंडेलच्या नियमांवर घेतला जात होता. हार्डीने एका छोट्या पत्रात उत्तर दिलं आणि त्यात काहीशा संकोचाने लिहिलं की हे गणित पाढ्यांच्या पातळीचंच आहे. जर्मनीतल्या विल्हेल्म वाइनबर्ग या डॉक्टरने त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच मांडलं होतं. बाहेरून ढवळाढवळ नसेल तर जनुकाच्या दोन रूपांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं, हा तो हार्डी-वाइनबर्ग नियम. तू तो शाळेत त्या दोन प्रमाणांना p आणि q म्हणून सोडवला असशील. त्यात आहे काय? (p + q) चा वर्ग. अडलं होतं ते गणिताच्या कठीणपणावर नव्हे, तो प्रश्न गणिताचा आहे हे ओळखण्यावर.

पण पाढ्यांवर सगळं भागतं असं सांगितलं तर ती थाप होईल. चार वर्षांत तुला कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, अवकल समीकरणं आणि संभाव्यता या चारही गोष्टींशी घरोबा करावा लागेल. त्यातही एकच नीट शिकायला मिळणार असेल, तर डोळे मिटून संभाव्यता निवड. कारण पेशीच्या आत सगळा योगायोगाचा कारभार चालतो. एखाद्या जीवाणूत एखाद्या नियंत्रक प्रथिनाचे रेणू असतात जेमतेम दहा-वीस. दोन जुळ्या पेशींपैकी एकीला नऊ मिळाले आणि दुसरीला पाच, तर त्या सारख्या वागतीलच कशा?

तू पाठांतराला कंटाळली आहेस, म्हणून एक उदाहरण जरा जवळून दाखवते. पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर ही तीन वाक्यं असतात: पेशी सूक्ष्म असतात. प्राणवायू पेशींपर्यंत पोचवायला मोठ्या प्राण्यांना रक्ताभिसरण लागतं. चेतापेशीच्या लांब तंतूत माल वाहून नेणारी काइनेसिन नावाची प्रथिनं असतात. तीन पानं, तीन पाठांतरं. आता हे बघ. पाण्यात सुटा रेणू धक्के खात भरकटतो. किती वेळात किती लांब जाईल याचं सोपं गणित आहे: अंतराचा वर्ग भागिले विसरण गुणांकाची (रेणू किती वेगाने पसरतो याच्या मापाची) दुप्पट. पेशीतल्या एखाद्या प्रथिनासाठी हा गुणांक सेकंदाला १० चौरस मायक्रोमीटर धर. जीवाणूची रुंदी एक मायक्रोमीटर. एकाचा वर्ग एक, भागिले वीस, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. डोळ्याची पापणी लवायच्या आत रेणू या टोकाचा त्या टोकाला. जीवाणूला आत वाहतुकीची सोय करायची गरजच काय?

आता तोच रेणू कण्यापासून पायाच्या अंगठ्याकडे जाणाऱ्या चेतातंतूत सोड. अंतर एक मीटर, म्हणजे दहा लाख मायक्रोमीटर. त्याचा वर्ग एकावर बारा शून्यं. भागिले वीस, पाच हजार कोटी सेकंद. वर्षांत काढ: सुमारे १,६०० वर्षं. काइनेसिन प्रथिन रुळासारख्या सूक्ष्मनलिकेवरून माल ओढत सेकंदाला सुमारे एक मायक्रोमीटर चालतं. त्याला हेच अंतर दहा लाख सेकंद लागेल, म्हणजे साडेअकरा दिवस. सोळाशे वर्षं आणि साडेअकरा दिवस! पाठ केलेल्या तिन्ही वाक्यांमागे एकच वर्ग दडून बसलेला आहे. अंतर दुप्पट केलं की वेळ चौपट होतो, बस. या विषयातलं गणित बहुतेकदा असं पाठांतराचं ओझं हलकं करणारं असतं, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही.

तुझ्या बाईंचा सल्ला मला पटत नाही. हेतू चांगला आहे, पण क्रम उलटा आहे. गणिताला जिना असतो. पाचवी पायरी गाळून सहावीवर उडी मारता येत नाही, आणि वय वाढलं की पहिल्या पायरीवर पुन्हा उभं राहायला लाज वाटते. पदवीनंतर ‘आता जरा संख्याशास्त्र बघू’ म्हणणारे जीवशास्त्राचे पुष्कळ विद्यार्थी मी पाहिलेत. बहुतेक जण सॉफ्टवेअरचं कुठलं बटण दाबायचं एवढं शिकून थांबतात. जीवशास्त्र त्या मानाने उदार आहे. जनुकशास्त्र आज वाचलं आणि परिसंस्था तीन वर्षांनी, तर फार बिघडत नाही.

बाईंचं एका बाबतीत मात्र चुकत नाही. गणिताच्या नादात जीव विसरला जाऊ शकतो. मी स्वतः विसरले होते, सांगते.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला जीवाणूंच्या वाढीचा आलेख काढायचा होता. दर वीस मिनिटांनी फ्लास्कमधून थोडं द्रावण क्युव्हेट नावाच्या छोट्या पारदर्शक भांड्यात घ्यायचं, यंत्रात ठेवायचं, ते किती गढूळ झालंय त्याचा आकडा लिहायचा. जितकं गढूळ तितके जीवाणू जास्त. सुरुवातीला आकडे दुपटीने चढले, मग चढ मंदावला, मग जवळजवळ सपाट. माझ्या आनंदाला पारावार नाही, कारण असं मंदावणारं समीकरण मी नुकतंच शिकले होते. ते मी त्या ठिपक्यांवर बसवलं आणि ते असं चपखल बसलं की ‘या फ्लास्कमध्ये जास्तीत जास्त किती जीवाणू मावतील’ याचा आकडा मी दशांश चिन्हानंतर तीन घरांपर्यंत लिहून टाकला. प्रयोगशाळेतल्या सहायकांनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, “पातळ करून बघितलंस का?” नव्हतं बघितलं. शेवटच्या नमुन्याचा एक भाग आणि जीवाणू ज्यात वाढवतात त्या स्वच्छ माध्यमाचे नऊ भाग असं मिश्रण करून पुन्हा मोजलं, दहाने गुणलं. आकडा माझ्या सपाट रेषेच्या कितीतरी वर गेला.

झालं असं होतं की द्रावण दाट झालं की जीवाणूंवर आपटून विखुरलेला प्रकाश दुसऱ्या जीवाणूंवर आपटतो आणि त्यातला काही फिरून यंत्राच्या डोळ्यापर्यंत पोचतो. यंत्राला वाटतं, गढूळपणा कमी आहे. जीवाणू मजेत वाढत होते. थकलं होतं ते यंत्र, आणि मी त्या थकव्याचं समीकरण मांडून त्याला जीवशास्त्र म्हणत होते. तीन दशांशांपर्यंत.

तेव्हापासून कुणी मला सुंदर बसलेला आलेख दाखवला की मी आधी विचारते, हे मोजलं कशाने? तुझ्या कोर्समध्ये हा प्रश्न हाताने शिकवला जाणार आहे का, ते बघ. खरा कोर्स आणि नावापुरता कोर्स यांतला फरक मला तरी मुख्यतः इथेच दिसतो. त्याकडे पुढे येते. आधी बाबांच्या चिंध्यांचं बघू.

बाबांचं भय खोटं नाही, पण हा विषय चिंध्यांचा नाही. १९४० च्या सुमारास एक भांडण चालू होतं. जीवाणू मारणाऱ्या विषाणूचा मारा केला की जवळजवळ सगळे जीवाणू मरतात, काही थोडे वाचतात आणि त्यांची पिलावळही वाचते. प्रश्न असा की ही प्रतिकारशक्ती विषाणू भेटल्यामुळे त्यांच्यात निर्माण होते, की ती काही जीवाणूंत आधीच, योगायोगाने, आलेली असते? साल्वाडोर लुरिया वैद्यकाचा पदवीधर. तो इंडियाना विद्यापीठात होता. तिथल्या एका नाचगाण्याच्या संध्याकाळी त्याचा सहकारी नाण्यांच्या जुगारी यंत्राशी खेळत होता. बराच वेळ हरला आणि मग एकदम नाण्यांचा पाऊस पडला. लुरियाला उत्तराची वाट तिथे दिसली. जीवाणू वेगवेगळ्या नळ्यांत वाढवायचे आणि मग प्रत्येक नळीतल्या जीवाणूंवर विषाणूंचा मारा करायचा. विषाणू भेटल्यावर बदल होत असेल, तर प्रत्येक नळीत वाचलेल्यांची संख्या थोडीफार सारखी निघेल. बदल आधीच, कधीही होत असेल, तर बहुतेक नळ्या कोरड्या आणि एखाद्या नळीत लॉटरी. त्या नळीतल्या एका जीवाणूत बदल लवकर झालेला असणार, आणि मग त्याच्या लेकी-नातींचा गोतावळा.

वीस नळ्यांच्या एका प्रयोगात त्याला मिळालेले आकडे जसेच्या तसे देते: १, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५.

अकरा शून्यं, आणि मध्येच १०७. सरासरी काढलीस तर अकराच्या आसपास येते, पण अकराच्या आसपासची नळी या यादीत एकही नाही. पसारा मोजायचं माप म्हणजे व्हेरियन्स, तो इथे सातशेच्या घरात जातो. दर वेळी नव्याने, एकमेकांशी संबंध नसलेल्या घटना घडत असत्या तर तो सरासरीइतकाच, म्हणजे अकराच्या आसपास असायला हवा होता. एकाच मोठ्या फ्लास्कमधले नमुने मोजले तेव्हा तो खरंच सरासरीइतका निघालाही. म्हणजे दोष मोजण्यात नव्हता. वाचवणारे बदल विषाणू येण्याआधीच झालेले होते.

याचं गणित लुरियाने एकट्याने केलं नाही. त्याने मॅक्स डेल्ब्रुकला कळवलं आणि डेल्ब्रुकने त्याची मांडणी बसवली. डेल्ब्रुक मूळचा भौतिकशास्त्रज्ञ. दोघांचा निबंध १९४३ मध्ये आला आणि १९६९ मध्ये त्यांना आल्फ्रेड हर्शीबरोबर नोबेल मिळालं.

बाबांना ही गोष्ट सांगितलीस तर ते एक नेमका मुद्दा काढतील, म्हणून मीच काढते: हे दोघं दोन वेगळ्या विषयांत पक्के होते. दोन विषय अर्धे अर्धे शिकलेला एक माणूस नव्हता तो. बरोबर आहे. म्हणूनच मला वाटतं की या पदवीत शिरतानाच एक बाजू आपली घरची आणि दुसरी सासरची हे मनाशी ठरवावं. तुझ्या पत्रावरून तुझं माहेर जीवशास्त्र दिसतं. मग एक जीव, एक पेशी, एक रोग, काहीतरी असं निवड जे तुला खोलवर माहीत असेल, आणि गणित इतकं शीक की गणितज्ञाशी बोलताना दुभाषा लागू नये. दोन्हीकडे सारखंच, बेताबेताने शिकलीस तर बाबा म्हणतात तेच होईल.

कोर्स ओळखायचा कसा? माहितीपत्रकातली छायाचित्रं सोड. सूक्ष्मदर्शकात डोकावणारी हसरी मुलगी सगळ्याच पत्रकांत असते. विषयांची यादी उघड आणि संभाव्यता व संख्याशास्त्र कोण शिकवतं ते बघ. गणिताच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच वर्गात बसवतात की ‘जीवशास्त्राच्या मुलांसाठी’ म्हणून पाणी घातलेला वेगळा तास आहे? वेगळा तास दर वेळी वाईटच असतो असं नाही, जीवशास्त्राची उदाहरणं घेऊन शिकवलेला तास उत्तमही असतो. पण तिथे सिद्धता आणि गृहपाठ दोन्ही गायब असतील तर सावध हो. मग प्रयोगशाळा बघ. ज्या आकड्यांचं विश्लेषण शिकवतात ते विद्यार्थ्यांनी स्वतः मोजलेले असतात, की दर वर्षी तीच तयार फाइल हातात देतात? शेवटच्या वर्षी प्रकल्प आहे का, आणि त्याला प्रयोग करणारा एक आणि गणित करणारा एक असे दोन मार्गदर्शक मिळतात का? प्रोग्रामिंग पहिल्या वर्षी आहे की शेवटच्या? शेवटच्या असेल तर मधली दोन-तीन वर्षं तू आकडे हाताने किंवा एक्सेलमध्ये घासत बसणार.

एक्सेलवरून आठवलं. माणसाच्या एका जनुकाचं नाव ‘मार्च१’ होतं आणि दुसऱ्याचं ‘सेप्ट२’. फाइल उघडली की एक्सेल आपल्या मर्जीने त्यांच्या तारखा करून टाकायचं, एक मार्च आणि दोन सप्टेंबर. प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या तक्त्यांतही अशा तारखा जनुक म्हणून मिरवत होत्या. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये हार मानली आणि जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअरपुढे जीवशास्त्राने नमतं घेतलं!

शक्य असेल तर तिथल्या शेवटच्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठ आणि विचार, “तू स्वतः मोजलेला आणि नंतर चुकीचा निघालेला आकडा कोणता?” उत्तर रंगवून सांगितलं तर कोर्स चांगला आहे. असं काही झालंच नाही म्हणाला, तर त्याला मोजायलाच दिलेलं नाही.

तुझ्या आवाक्यात असा कोर्सच नसेल तरी धीर सोडू नकोस. जीवशास्त्र मुख्य आणि संख्याशास्त्र किंवा गणित दुय्यम, किंवा उलट, असं घेऊन निम्म्याहून अधिक काम होतं. कमी पडतं ते दोन्ही एकाच टेबलावर आणणारं कुणीतरी. तो माणूस मग तुला शोधावा लागतो, सुट्टीतल्या प्रकल्पातून किंवा एखाद्या संशोधन गटाच्या दारात जाऊन.

एआयबद्दल मैत्रिणीचं म्हणणं अर्धं खरं आहे. अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमने २०२० मध्ये प्रथिनांचे आकार इतके अचूक सांगितले की पन्नास वर्षं त्या प्रश्नाशी झुंजणारे थक्क झाले. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला. पण तो शिकला कशावर? प्रयोगशाळांतून माणसांनी मोजून, १९७१ पासून एका सार्वजनिक संग्रहात जमा केलेल्या एक लाखाहून अधिक आकारांवर. आणि तो उत्तर देतो तेव्हा प्रथिनाच्या साखळीतल्या प्रत्येक दुव्यापाशी शून्य ते शंभरमधला भरवशाचा आकडा देतो. कमी आकड्याचा लोंबता भाग दिसला तर ते भाकीत फसलंय, की त्या प्रथिनाचा तो भाग खरोखरच सैल, ठरावीक आकार नसलेला आहे? हे तुला ठरवावं लागतं.

यंत्र आकडेमोड करेलच, करू दे. फसवणूक दुसरीकडे होते. एखादं औषध देऊन माणसाची सुमारे २०,००० जनुकं तपासलीस आणि ‘वीसात एकदा निव्वळ योगायोगाने असं दिसेल’ एवढी सैल कसोटी लावलीस, तर औषधाने काडीचाही फरक पडलेला नसताना सुमारे १,००० जनुकं ‘बदललेली’ दिसतील. संगणक ती यादी रंगीत करून देईल, आणि त्या हजारातल्या एखाद्या जनुकावर सुरेख गोष्ट रचता येईल. त्या यादीकडे बघून ‘थांबा’ म्हणायला माणूस लागतो.

पुढे काम काय मिळतं याचं उत्तर सरळ देते. ‘क्वांटिटेटिव्ह बायॉलॉजिस्ट पाहिजे’ अशी जाहिरात तुला क्वचितच दिसेल. कामं दुसऱ्या नावांनी येतात: साथरोगांचं गणित, औषधाची मात्रा ठरवणारं फार्माकोमेट्रिक्स, जैवसंख्याशास्त्र, जनुकीय माहितीचं विश्लेषण, सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांवरून मोजमाप, परिसंस्थांची प्रतिमानं. यांतल्या पुष्कळ कामांना पदवीनंतर आणखी दोन वर्षं तरी शिकावं लागतं आणि स्वतंत्र संशोधन करायचं तर पीएचडी. हे बाबांपासून लपवू नकोस. पदवीनंतर लगेच काम हवं असेल तर या विषयाचं नाव कामी येत नाही, तू लिहिलेला प्रोग्रॅम आणि केलेला प्रकल्प कामी येतो. मुलाखतीला जाशील तिथे पहिली पाच मिनिटं तुला विषयाचं नाव समजावून सांगण्यात घालवावी लागतील. याची सवय करून घे. दुसऱ्या बाजूला, मध्येच मन बदललं तर संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग या दोन्ही गोष्टी तुझ्याबरोबर दुसऱ्या क्षेत्रात चालत येतात. नुसत्या वनस्पतींच्या कुळांच्या याद्या येत नाहीत.

आता तुझ्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट. पत्रात तू तीन जणांची मतं लिहिलीस आणि तुझं स्वतःचं एका वाक्यात उरकलंस, ‘डोक्यातून जात नाही’. बाबांशी बोलताना ते वाक्य बाजूला ठेव. त्यांच्यापुढे विषयांची यादी ठेव, वर लिहिलेल्या प्रश्नांपैकी तीन-चारांची उत्तरं मिळवून ठेव आणि मन बदललं तर कुठल्या वर्षापर्यंत दुसऱ्या विषयात जाता येतं हेही विचारून घे. हा शेवटचा प्रश्न प्रवेश घेताना फार थोडे विचारतात. चिंध्यांचं भय असलेल्या माणसाला कापड हाताला लावून बघू द्यावं. नाहीच पटलं, तर मला पुन्हा लिही. पण तेव्हा त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, पूर्ण लिही.

ता. क. चं उत्तर: पायथनपासून सुरू कर, आर ही भाषा संख्याशास्त्राच्या तासाला आपोआप येईल. पहिला प्रोग्रॅम म्हणून लुरियाच्या वीस नळ्या संगणकात भर. प्रत्येक नळीत एक जीवाणू, तो वीस वेळा दुप्पट होतो, आणि दर विभागणीत अगदी बारीक शक्यता धर की एखादी लेक प्रतिकारक निघेल. ती शक्यता दहा लाखांत एक धरून बघ, मग बदलून बघ. तीस-चाळीस ओळींत होतं. पहिल्या फटक्यात चालणार नाही, आणि चालला तरी शक्यता फार बारीक धरलीस तर सगळ्या नळ्यांत शून्य येऊ शकेल. तेव्हा चूक प्रोग्रॅमची की नशिबाची, ते शोधायला बस.

– ताई